पाण्यातला आवाज कोण मोजणार?

मा. जिल्हाधिकारी साहेब, सांगली यांस,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलमध्ये सरकारी घाटाच्या खालच्या पायरीवर बसून बरणीत कृष्णेचं पाणी घेतलं. उन्हासमोर धरलं तर शेवाळाची हिरवी भुकटी सावकाश वर चढत होती आणि तिच्यात दोन-तीन पाणपिसवा (पाण्यातले इवलेसे जीव) टुणटुण उड्या मारत होत्या. पलीकडे पाणी खेचणारी मोटर चालू होती. बरणी तिच्या पाइपला टेकवली, तर पाण्यावर बारीक वर्तुळं उठली. त्या वर्तुळांसाठी हे पत्र: मोटरचा आवाज पाण्यात किती उतरतो आणि त्याने शेवाळावर काही फरक पडतो का, हे कुणीतरी मोजावं.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा. मिरवणुकीत डॉल्बीसमोर मीटर धरलं जातं, पण ते मोजतं हवेतला आवाज. खरं तर डॉल्बीचा दणका नदीत फारसा शिरतच नाही. हवेतल्या ध्वनिऊर्जेचा जेमतेम हजारावा भाग पाण्यात उतरतो (आमच्या छातीत मात्र सगळा उतरतो). शिवाय गणपतीत नदी वाहती असते, शेवाळ धरत नाही. ते धरतं उन्हाळ्यात, बंधाऱ्यामागे पाणी थांबल्यावर. आणि मोटरच्या पाइपची थरथर, बोटीचा पंखा हे आवाज थेट पाण्यातच उठतात, सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने पसरतात.

शेवाळाला कान नाहीत, पण त्याला खाणाऱ्यांचं काय? पाणपिसू शेवाळ खाते, मासा पाणपिसूला खातो. गोंगाटात काही माशांचे घास चुकतात, हे प्रयोगांत दिसलंय. मासे चुकले तर पिसवा वाढतील, शेवाळ घटेल. पण मासे राहिले आणि गोंगाटाने पिसवाच मंदावल्या, तर उलट होईल. एवढंच नाही, नीलहरित शेवाळाच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पुटिका असतात, त्यांच्या जोरावर ते वर तरंगतं. कानाला न ऐकू येणाऱ्या उच्च ध्वनीने त्या पुटिका मोडतात आणि शेवाळ खाली बसतं. तलाव साफ करायला अशी यंत्रं वापरतातही. मोटरचा आवाज त्या जातीचा नव्हे, पण ध्वनी आणि शेवाळ यांचा संबंध हा काही माझ्या म्हातारपणाचा चाळा नाही.

शेवाळाचं मूळ खाद्य सांडपाण्यातलं आणि उसाच्या खतातलं नत्र-स्फुरद, यात वाद नाही. नाल्यांचं काम आवाजावर ढकलून कुणी मोकळं होऊ नये.

मागणी लहान आहे. मार्च ते मे, दोन जागा: एक पाणी खेचणाऱ्या मोटरची, एक हरिपूरच्या बाजूला अशी मोटर नसलेली. दोन्हीकडे पाण्यात बुडवायचा मायक्रोफोन आणि आठवड्याला एक बरणी. शेवाळ आणि पिसवा मोजायला कॉलेजची पोरं सूक्ष्मदर्शकासह येतील. बरणी माझ्याकडे आहे, मायक्रोफोनचं तेवढं आपण बघावं.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
गावभाग, सांगली