जबड्याच्या दुखण्यात एमआरआयचाही विचार व्हावा

संपादक महोदय,

दात किंवा जबडा दुखू लागला की एक्स-रे काढला जातो आणि त्यात दोष आढळला नाही, तर ‘काही नाही’ असे सांगून रुग्णाची बोळवण होते. दंतवैद्य म्हणून काम करताना, या ‘काही नाही’ने माणसे वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढताना मी पाहिली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

एक्स-रे, ओपीजी (दोन्ही जबड्यांचे एकत्र सपाट चित्र) आणि सीबीसीटी (जबड्याचे त्रिमितीय चित्र) या तिन्ही तपासण्या क्ष-किरणांवर चालतात. दातांचा पहिला एक्स-रे १८९६ साली निघाला आणि कीड, मुळाभोवतीची हाडाची झीज, अडकलेली अक्कलदाढ किंवा जबड्याचा अस्थिभंग पाहण्यासाठी आजही या तपासण्याच योग्य आहेत. एमआरआयमध्ये मात्र क्ष-किरण नसतात. १.५ किंवा ३ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या व चरबीच्या हायड्रोजनकडून येणारा रेडिओसंदेश टिपून त्यातून चित्र तयार होते. दाताच्या एनॅमलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणात, पाणी जेमतेम असते आणि तेथील संदेश उमटताच विरतो, त्यामुळे नेहमीच्या एमआरआयमध्ये ते काळेच दिसते. तो विरण्याआधी टिपणाऱ्या अतिजलद पद्धतींवर संशोधन चालू असले, तरी आज किडलेल्या दातासाठी एमआरआय मागण्यात अर्थ नाही.

त्याची खरी गरज पडते ती जबड्याच्या सांध्यासाठी. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले की जो सांधा हलताना जाणवतो, त्यात जबड्याचे डोके आणि कवटीची खोबण यांच्यामध्ये एक लवचीक चकती असते. ती पुढे सरकली आणि तोंड उघडताना पुन्हा जागेवर येत असली, तर ‘कट्’ असा आवाज होतो. ती जागेवर येईनाशी झाली की आवाज थांबतो, पण तोंड पुरते उघडत नाही. आवाज गेला म्हणून रुग्णाला बरे वाटते आणि दुखणे तर एक पायरी पुढे गेलेले असते. ही चकती एक्स-रेत दिसतच नाही. एमआरआय मात्र तोंड मिटून आणि तोंड उघडून अशा दोन्ही स्थितींत काढला, की चकती कोठे आहे, ती परतते की नाही, सांध्यात पाणी साचले आहे का आणि हाडाच्या आतील मज्जेत सूज आहे का, हे सारे कळते. संधिवात असलेल्या मुलांच्या बाबतीत याचे मोल फार मोठे आहे, कारण त्यांचा जबड्याचा सांधा पुष्कळदा न दुखताच बिघडतो आणि जबड्याची वाढ खुंटते. कॉन्ट्रास्ट (चित्रात दाह उठून दिसावा म्हणून शिरेतून दिले जाणारे औषध) देऊन केलेल्या एमआरआयमध्ये तो दाह हाड झिजण्याआधी पकडता येतो.

अर्थात चित्र म्हणजे निदान नव्हे. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांत चकती सरकलेली आढळते, तेव्हा केवळ अहवाल वाचून शस्त्रक्रिया सुचवणे मला चुकीचे वाटते.

मला सर्वाधिक अस्वस्थ करतो तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूच्या मुळाशी एखादी रक्तवाहिनी टेकली, की दात घासताना किंवा नुसता वारा लागताच विजेसारखी कळ उठते आणि रुग्णाला ती दाढेतून आल्यासारखी वाटते. अशा रुग्णांच्या निरोगी दाढा एकामागून एक रूट कॅनल करून किंवा उपटून टाकल्या जातात आणि कळ तशीच राहते. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या तीन दाढा अशाच गेल्या होत्या. दाताला कारण सापडत नसेल, तर दुसरी दाढ काढण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला आणि एमआरआय घेणे हे आपले कर्तव्य आहे. या तपासणीत रक्तवाहिनीचा दाब तर दिसतोच, शिवाय क्वचित दडलेली गाठही सापडते.

रुग्णांनीही काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. पेसमेकर, कानातील कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतील रक्तवाहिनीवरची क्लिप किंवा डोळ्यात गेलेला धातूचा कण यांची माहिती तपासणीपूर्वी देणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. काढता येणारी कवळी काढून ठेवावी. स्टीलच्या ब्रेसेसमुळे जबड्याचे चित्र फार बिघडते, टायटॅनियमच्या इम्प्लांटमुळे त्या मानाने कमी.

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती एवढीच, की एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसते ‘जबडा दुखतो’ असे न लिहिता कोणत्या बाजूचा सांधा, तोंड किती मिलिमीटर उघडते, आवाज कधी येत होता आणि कधी थांबला, हे नेमके लिहावे. म्हणजे रेडिओलॉजिस्टला दोन्ही स्थितींतील चित्रे घेता येतील आणि रुग्णाला तीच तपासणी पुन्हा करावी लागणार नाही.

आपला नम्र,
एक दंतवैद्य