अक्षता पायदळी जाऊ नयेत

मुरबाड तालुक्यात आमची थोडी भातशेती आहे. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत घरचेच हात राबतात. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस आला की आडव्या पडलेल्या भाताला शेतातच कोंब फुटतात. ते बघवत नाही. नव्या भाताची लोंबी देवाला वाहिल्याशिवाय आई घरात नवे तांदूळ शिजवत नाही. अंगणात सांडलेला दाणाही वेचून कोंबड्यांपुढे टाकतो.

म्हणूनच ठाण्यातील एका लग्नात जीव तुटला. मंगलाष्टके संपताच वऱ्हाडी चपला घालून अक्षतांवरूनच जेवणाकडे वळले. थोड्या वेळाने कुंकवाने लाल झालेले ते तांदूळ झाडूने गोळा होऊन कचऱ्याच्या पिशवीत गेले, आणि वर उष्ट्या ताटांतला पुलाव. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारे आपणच ना?

अक्षतांना माझा विरोध नाही, तो आशीर्वाद आहे. पण घरातील चार वडीलधाऱ्यांनी वधूवरांच्या डोक्यावर टाकल्या तरी तो पोहोचतो. बाकीच्यांनी फुलांच्या पाकळ्या उधळाव्यात. काही घरांत तसे होतेही. वाचलेले तांदूळ न रंगवता एखाद्या आश्रमशाळेला द्यावेत. लग्न लावणाऱ्या गुरुजींनी हे यजमानांना आधीच सुचवले, तर लोक नक्की ऐकतील.

– एक शेतकरी, मुरबाड (जि. ठाणे)