डिकोटिंग पावडर मेशवर सुकू देऊ नका

मंडळी, स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या सगळ्यांनी वाचा. डिकोटिंग पावडर म्हणजे वापरून झालेल्या स्क्रीनच्या मेशवरचं, म्हणजे फ्रेमवर ताणलेल्या जाळीवरचं, इमल्शन (डिझाइनचा साचा बनवणारा थर) काढायची पावडर. मागच्या आठवड्यात धुवायच्या टाकीपाशी एक १२० ची (जाळीच्या विणीचा आकडा) फ्रेम उभी दिसली, पावडर लावून कोणीतरी फोन घ्यायला गेलं असावं, परत येईपर्यंत इमल्शन असं घट्ट बसलं की नखानं खरवडलं तरी हलेना. चांगली ताणलेली मेश होती हो, फाडून टाकावी लागली, फार वाईट वाटलं. या पावडरीत सोडियम मेटापरआयोडेट हे रसायन असतं, ओलं असताना इमल्शन सोडवतं पण सुकलं की तेच कायमचं पक्कं करून टाकतं, म्हणून उन्हात किंवा पंख्याखाली लावूच नका.

आधी शाई पूर्ण काढा, प्लास्टिसॉल (पाण्यात न विरघळणारी प्लास्टिकची शाई) असेल तर शाई काढायच्या वॉशनं, पाण्याची असेल तर लगेच पाण्यानं, कारण शाईचा थर राहिला तर पावडर खाली पोचतच नाही. मग मेश ओली करून दोन्ही बाजूंनी लावा, नायलॉनच्या ब्रशनं घासा, एक-दोन मिनिटं थांबा, इमल्शन ओघळायला लागलं की प्रेशरनं धुवा. उजेडाकडे धरून बघा, कोपऱ्यात हमखास राहतं.

हार्डनर (इमल्शन पक्कं करणारं रसायन) लावलेल्या स्क्रीन सहसा निघत नाहीत, त्यावर पावडर वाया घालवू नका, फ्रेमवर मार्करनं 'हार्डनर' लिहून ठेवा.

हातमोजे, चष्मा घालाच. आणि ब्लीच वापरणाऱ्यांनो, त्यात ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो, आपली खोली छोटी आहे. गाळ मोरीत सोडू नका, बादलीत बसू द्या.