मेणकापडाचा कोपरा

यवतमाळ जिल्हा,
९ जानेवारी

प्रिय गड्या,

परवा तू फोन आपटलास, मीही आपटला. रात्री अकरानंतर आपण दोघांनी पेपरबद्दल बोलायचं नाही, हे हॉस्टेलवर असतानाच ठरलं होतं. तू नागपूरला पेपरच्या डेस्कवर बसायला लागल्यापासून ते विसरलास. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून कागद घेतला.

तुझं म्हणणं एवढंच होतं की मी तालुक्यातून पाठवतो ती बातमी पक्की असेल तर ती देणारा माणूस कोण ते निदान मला सांग. छापणार नाहीस, पण डेस्कला माहीत पाहिजे. म्हणणं खोटं नाही. 'खात्रीलायक सूत्रां'च्या नावाखाली आमच्या तालुक्यातून काय काय येतं ते मी रोज वाचतो. निम्म्या वेळा ते सूत्र म्हणजे बसस्टँडची पानटपरी असते. उरलेल्या वेळी एक ठेकेदार दुसऱ्याचा काटा काढायला बातमी तयार करून हातात देतो, आणि वर पुरवणीच्या जाहिरातीचा शब्दही देतो. ज्याचं पोट जाहिरातीच्या कमिशनवर आहे, तो वार्ताहर 'नाही' कसं म्हणणार? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन पोस्ट या पेपरचंही असंच झालं होतं. जेनेट कुकनं आठ वर्षांच्या व्यसनी पोराची गोष्ट लिहिली, नाव गुप्त ठेवायचं आहे म्हटल्यावर वरच्यांनी फार खोदलं नाही. १९८१ साली पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि असं पोरगं मुळात नव्हतंच हे निघाल्यावर ते परत करावं लागलं. तेव्हा विचारणं तुझं कामच आहे.

तरी नाव सांगणार नाही. त्याचं कारण मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही, तुझ्याजवळही नाही.

पांदण रस्त्याची बातमी आठवते ना? रोजगार हमीच्या (रोहयोच्या) हजेरीपटावर मेलेल्या माणसाचं नाव होतं. ज्याच्या तेरवीला मी पंगतीत बसून जेवलो, त्यानं पुढच्याच महिन्यात सहा दिवस मुरूम पसरवला, आणि त्याची मजुरीही निघाली. तुम्ही चार कॉलम लावलीत, हजेरीपटाच्या फोटोसकट. दुसऱ्या दिवशी तूच फोन करून शाबासकी दिलीस.

तो फोटो ज्यानं दिला, तो कुठं काम करतो ते इथंही लिहीत नाही. रात्री शेतातल्या बंडीच्या आडोशाला भेटला होता. "माहं नाव कुठीच येऊ नोका देऊ भाऊ," एवढंच तीनदा म्हणाला. मी शब्द दिला आणि पाळलाही. नाव नाही, हुद्दा नाही, हजेरीपटावरच्या सह्या झाकल्या. पण कागद त्यानं घरच्या टेबलावर ठेवून फोटो काढला होता, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात टेबलावरचं मेणकापड बोटभर राहून गेलं. निळं, त्यावर पिवळी सूर्यफुलं, आणि एका फुलावर गरम पातेलं टेकवल्याचा तपकिरी डाग. मला ते दिसलंच नाही. दिसलं असतं तरी एखाद्या मेणकापडाला कोण ओळखतो, असंच वाटलं असतं.

गावातल्या अर्ध्या बाया संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या टेबलाशी बसून चहा पिऊन आल्या होत्या. पेपर सकाळच्या एसटीनं आला, आणि दुपारच्या आत गावाला माणूस कळला.

त्याला कोणी मारलं नाही. कोणी शिवीही दिली नाही. घरकुलाचा हप्ता अडकला. फवारणीचा पंप कोणी देईना. चक्कीवर त्याचा डबा आपोआप शेवटी सरकू लागला. पोराच्या सायकलीची हवा आठवड्यातून दोनदा जायची. यातल्या कशाची तक्रार लिहून देणार, सांग? महिनाभरानं मी भेटायला गेलो. त्याची बायको दारातच म्हणाली, "भाऊ, तुमी नाव तं नाही छापलं, घर छापलं." आत टेबलावर मेणकापड नव्हतं.

आपण कॉलेजात वॉटरगेटचं, अमेरिकेच्या अध्यक्षाची खुर्ची घालवणाऱ्या त्या बातम्यांचं, किती कौतुक केलं. १९७२ मधला बातमी पुरवणारा तो गुप्त माणूस म्हणजे एफबीआय या तिथल्या तपास यंत्रणेचा मार्क फेल्ट, हे तो स्वतः बोलला तेव्हा जगाला कळलं, २००५ साली. तेहतीस वर्षं! पण वॉशिंग्टनला ती गोष्ट माहीत असू शकणारी माणसं किती असतील? इथं एका कामाचा हिशेब तिघांना माहीत असतो, त्यातला एक गावाबाहेर असतो आणि दुसरा पैसे खाणारा. उरतो तो आपला माणूस. 'नाव न छापण्याच्या अटीवर' हे वाक्य शहरात चालतं. इथं तारीख, रक्कम, "वरिष्ठ कर्मचारी" असा एखादा शब्द, यातलं काहीही नावाइतकंच बोलतं.

आणि तुला सांगायला मी का कचरतो, तेही ऐक. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही. अमेरिकेत मिनेसोटामध्ये १९८२ च्या निवडणुकीत डॅन कोहेन नावाच्या माणसानं विरोधी उमेदवाराच्या जुन्या खटल्याचे कागद बातमीदारांना दिले, नाव येणार नाही या बोलीवर. बोली बातमीदारांनी केली, पण दोन पेपरांच्या संपादकांनी ती मोडून नाव छापलं, कारण कागद कोण पसरवतोय हीच त्यांच्या मते खरी बातमी होती. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, हे मला कबूल आहे. पण त्या माणसाची नोकरी त्याच दिवशी गेली. तो कोर्टात गेला, १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्याची बाजू उचलून धरली, आणि शेवटी दोन लाख डॉलर भरपाई मिळाली. आमच्या माणसाला कोण भरपाई देणार? तुझ्या वर संपादक आहे, त्याच्या वर मालक आहे, मालकाचा जाहिरात विभाग आहे. माझा शब्द तिथपर्यंत पोचेस्तोवर त्याचं काय होतं, ते तुलाही माहीत आहे.

कायद्याचं म्हणशील, तर पेपरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात कलम १५ आहे, बातमीचा उगम सांगायची सक्ती करता येत नाही म्हणून. पण ते कौन्सिलपुढच्या कामापुरतं. कोर्टात ते चालत नाही. विधी आयोगानं १९८३ मध्येच ९३ व्या अहवालात कोर्टातही असं संरक्षण असावं म्हणून सुचवलं होतं, ते अहवालातच राहिलं. परवा पत्रकार दिनाला तालुक्याच्या कार्यक्रमात शाल-श्रीफळ घेताना, १८३२ च्या 'दर्पण' या पहिल्या मराठी पेपरवरचं भाषण ऐकताना, मला हेच आठवत होतं. नारळ मात्र चांगला निघाला, चटणी झाली.

सगळ्यात लागलेली गोष्ट वेगळीच आहे. तो फोटो लागतच नव्हता! रोहयोचे हजेरीपट सरकारच्या साइटवर उघडे असतात; जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, काम, मग मस्टर क्रमांक. नाव, दिवस, मजुरी, सगळं दिसतं. त्यानं मला फक्त कुठल्या कामात पाहायचं एवढं सांगितलं असतं तर पुरे होतं. मृत्यूचा दाखला घरच्यांकडून मिळालाच असता. कोहेनचे कागदही कोर्टातले, कोणालाही पाहता येणारेच होते. मला दमदार फोटो हवा होता, तुला चार कॉलम हवे होते, आणि मेणकापड त्याचं होतं.

आताचा माणूस दुसरा आहे. पहिल्याचं काय झालं ते त्यानं पाहिलंय, तरी आला. मी आधीच सांगून टाकलं की मला कागद देऊ नका, कुठं पाहायचं ते सांगा, आणि ही गोष्ट तुमच्याशिवाय आणखी किती जणांना माहीत आहे तेही सांगा. त्यानं बोटं मोजली. चार. म्हणून मी पंधरा दिवस थांबलो. आता ती ग्रामसभेत बोलली गेली आहे, चाळीसेक जणांना माहीत आहे.

सोबत कामांचे क्रमांक लिहून पाठवतोय. साइटवर तू स्वतः काढून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. जुळलं तर लाव, नाही जुळलं तर माझी बातमी फेक. पण कोण म्हणून विचारू नकोस.

तुरीच्या शेंगा नागपूर गाडीच्या कंडक्टरजवळ दिल्या आहेत. वहिनींना सांग, सोलायला तुला बसवतील.

तुझाच.

ता. क. तो मेणकापडाचा फोटो तुझ्या फोनमध्ये अजून असेल तर काढून टाक. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरही असेल.