विनूस, गाठीच्या रिपोर्टबद्दल

परळ, मुंबई
रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

रिपोर्टचा फोटो पाहिला. फोनवर सांगितलेलं घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाही, म्हणून लिहूनच पाठवतोय. वहिनींनाही वाचायला दे.

हृदयाच्या रक्तवाहिन्या बघायला सीटी केला, त्या बऱ्या निघाल्या आणि उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात ७ मिलिमीटरची गाठ दिसली. म्हणजे मटाराच्या दाण्याएवढी. ३ सेंटिमीटरपर्यंतच्या अशा गोल ठिपक्याला आम्ही नोड्यूल म्हणतो. दिवसभर छातीचे सीटी वाचायचं माझं काम, त्यात हे रोज दिसतं. जुन्या जंतुसंसर्गाचा व्रण असतो, फुप्फुसातली छोटी लसिका ग्रंथी असते, आणि आपल्याकडे तर टीबीची खूण फार. चाळीत, लोकलमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांच्या फुप्फुसात ती सापडली तर मला नवल वाटत नाही.

अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या आणि सोडलेल्या ५३ हजारांहून जास्त लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचा निकाल २०११ साली आला. निम्म्यांचे कमी रेडिएशनचे सीटी केले होते. संशयास्पद ठरलेल्या दर १०० स्कॅनपैकी ९६ मध्ये कॅन्सर निघाला नाही. पण उरलेल्या चौघांसाठीच मी हे एवढं लिहितोय, कारण तू वीस वर्षं सिगारेट ओढली आहेस. ते मी विसरलेलो नाही, तूही विसरू नकोस.

लगेच सुई घालून तुकडा का काढत नाहीत, असं तू विचारलंस. एवढ्या लहान गाठीत सुई नेमकी पोचवणं अवघड, आणि फुप्फुसाला छिद्र पडून छातीत हवा साठू शकते. पेट स्कॅनही नको, म्हणजे जास्त साखर खेचणाऱ्या पेशी उजळून दाखवणारा स्कॅन. ८ मिलिमीटरहून लहान गाठीत त्यावर विसंबता येत नाही, शिवाय टीबीची गाठसुद्धा त्यात कॅन्सरसारखीच उजळते. त्या उजेडाला घाबरून आपल्या शहरात किती घरं आठवडेच्या आठवडे झोपलेली नाहीत, ते मी पाहिलंय.

आणि उलटंही होतं. कुणीतरी म्हणतं, ‘टीबीच असेल, एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करू.’ थुंकीची तपासणी नाही, पुरावा नाही, नुसत्या गोळ्या. सहा महिने गेल्यावर कळतं की ती गाठ टीबीची नव्हतीच. याचा मला फार राग येतो, विनू. पुराव्याशिवाय कुणी एकेटी लिहून दिली तर आधी मला फोन कर.

गाठ काय आहे हे बहुतेक वेळा तिची वाढच सांगते. ७ ची ९ मिलिमीटर झाली तर दिसायला फरक एवढासा, पण आकारमान, म्हणजे घनफळ, दुपटीच्या वर गेलेलं असतं. घन, म्हणजे भरीव, कॅन्सरला दुप्पट व्हायला साधारण महिना ते वर्षभर लागतं. दोन वर्षं जशीच्या तशी राहिलेली घन गाठ आम्ही निरुपद्रवी धरतो. तुझी घन आहे, काठ गुळगुळीत आहेत, ही चांगली बाजू. काटेरी कडा असत्या तर मी आजच गाडी घेऊन आलो असतो.

आता काम. हृदयाच्या सीटीत फुप्फुसं पूर्ण दिसत नाहीत, वरचा भाग राहून जातो. त्यामुळे साधारण तीन महिन्यांनी पूर्ण छातीचा, कमी रेडिएशनचा सीटी करायचा. त्यात वाढ दिसली नाही, तरी पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. मधल्या काळात थुंकीतून रक्त आलं किंवा वजन उतरू लागलं तर तारखेची वाट बघायची नाही.

पण त्याआधी एक गोष्ट शोध. २०२१ मध्ये कोविडला तुझा छातीचा सीटी, एचआरसीटी, झाला होता, आठवतं? तेव्हा सगळ्यांनी स्कोअर तेवढा वाचला आणि सीडी पिशवीत टाकून दिली. ती सीडी हवी, नुसता कागद नको, कारण एवढा ठिपका तेव्हा कुणी लिहिलाही नसेल. त्यात हीच गाठ याच मापाची दिसली, तर बहुधा पुढचे स्कॅनही लागणार नाहीत. वहिनींना विचार, माळ्यावर असेल. घरात नसेल तर त्या सेंटरमध्ये जाऊन विचार, त्यांच्याकडे कधीकधी जुन्या प्रतिमा साठवलेल्या असतात.

सापडली की फोन कर, रात्र असली तरी.

तुझा,
अरुण