घरातून बाहेर कुणी जायचं?

निफाड

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

नवऱ्याचा मार खाणाऱ्या तुझ्या अशील बाईंची मुलं बालकल्याण समितीनं बालगृहात पाठवली, हे फोनवर सांगताना तू त्या बाईंचं किंवा मुलांचं नाव घेतलं नाहीस, ते बरं केलंस. बालन्याय कायद्याचं कलम ७४ मुलांची ओळख छापायला मनाई करतं. पण ओळख वर्तमानपत्रातून फुटते त्यापेक्षा जास्त कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर फुटते, हे मी नाशिकला सीबीएसजवळच्या कोर्टाच्या आवारात इतकी वर्षं पाहिलंय.

तुझा सगळा राग समितीपुढच्या अहवालातल्या एका ओळीवर आहे. ‘आईचे मुलांकडे दुर्लक्ष असून ती त्यांना रात्री-अपरात्री शेजाऱ्यांकडे सोडते.’ नवरा मारतो, हे त्याच अहवालात चार ओळी वर लिहिलेलं आहे, आणि त्या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं लिहिणाऱ्याला वाटलेलं नाही. फोनवर तू ‘बाबा, हे असं कसं लिहितात?’ एवढंच विचारत राहिलीस. कसं लिहितात ते मला ठाऊक आहे. छापील नमुन्यात ‘पालकांची वर्तणूक’ अशी चौकट असते, घरी गेल्यावर भेटते ती आई, मग चौकटीत तीच बसते. बाप त्या वेळी कामावर असतो किंवा गुत्त्यावर.

मी डायसखाली बसून रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, लिहिणारा कारकून. युक्तिवाद माझा प्रांत नव्हे. पण खाली बसणाऱ्याला जे दिसतं ते वरून दिसत नाही, म्हणून हे लिहितोय.

एका प्रकरणात न्यायाधीश साहेबांनी एका मुलाला चेंबरमध्ये बोलावलं होतं. सातपूरच्या कामगार वस्तीतला, सहा-सात वर्षांचा. मला कागद घेऊन आत बसवलं. साहेबांनी शाळा, मित्र, क्रिकेट असं करत करत विचारलं, बाबा घरी आले की तू काय करतोस? पोरगं म्हणालं, ‘गाडीचा आवाज आला की चप्पल घालतो.’ साहेबांना उलगडा होईना. त्यांनी पुन्हा विचारलं. मग त्यानं सांगितलं की आईनं शिकवलंय: आवाज आला की आधी चप्पल, मग बहिणीचा हात, मग मागच्या दारानं मावशींकडे. मावशी म्हणजे शेजारच्या बाई. आई येत नाही का तुमच्याबरोबर? ‘आई आली तर बाबा पण येतात.’

त्या बाईंच्या विरोधात नवऱ्याच्या वकिलाचा मुख्य मुद्दा हाच होता, की ही मुलांना शेजारी टाकून देते. उलट मला तर त्या घरात मुलांच्या जिवाची कुणी पद्धतशीर व्यवस्था लावली असेल, तर ती ह्याच बाईनं, असं दिसत होतं. तुझ्या अशिलाच्या बाबतीत तुला करायचंय ते एवढंच: अहवालातली ती ओळ खोटी म्हणून खोडायला जाऊ नकोस. ती खरी असणार. ती पूर्ण कर. कुठल्या रात्री सोडलं, का सोडलं, किती वाजता परत घेतलं. शेजारणीचं शपथपत्र घे. सिव्हिल हॉस्पिटलच्या एमएलसीच्या, म्हणजे मारहाणीच्या जखमांच्या पोलीस-नोंदीच्या, कागदावरची तारीख आणि मुलं शेजारी झोपली ती तारीख एकच निघाली, तर वेगळा युक्तिवाद करावा लागणार नाही. पोलीस ठाण्यातल्या एनसीच्या, म्हणजे अदखलपात्र तक्रारींच्या, प्रतीही मागव. बाई म्हणतील ‘नुसती एनसीच घेतली हो, काही उपयोग झाला नाही’. उपयोग आता होईल.

तू एलएल.एम.ला असताना छापून ठेवलेला तो न्यूयॉर्कचा निकाल तुझ्या कपाटातून मी इथे आणलाय. द्राक्षाची गोडी छाटणी झाल्यावर दुपारी वेळ असतो, शब्दकोश घेऊन वाचला. शारवलिन निकोल्सन नावाची ब्रुकलिनची बाई. १९९९ मध्ये तिच्या मुलीच्या बापानं तिला मारलं, हात मोडला, बरगड्या मोडल्या. मुलगा शाळेत, तान्ही मुलगी आतल्या खोलीत. रक्तबंबाळ असताना तिनं आधी पोलिसांना फोन केला आणि दवाखान्यात जाण्यापूर्वी मुलांसाठी शेजारीण ठरवली. आणि तिथल्या बालसंरक्षण खात्यानं त्याच रात्री मुलं उचलली, वर तिच्यावरच दुर्लक्षाचा ठपका! सायली, सातपूर आणि ब्रुकलिन ह्यांत समुद्र आहेत, पण शेजारीण तीच, ठपका तोच.

तिनं आणि तिच्यासारख्याच इतर बायकांनी मिळून फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दावा केला, न्यायाधीश वाइनस्टाइन ह्यांनी त्यांच्या बाजूनं मनाई हुकूम दिला, आणि पुढे राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्यासाठी प्रश्न न्यूयॉर्कच्या सर्वांत वरच्या राज्य न्यायालयाकडे गेले. त्यांनी सांगितलं की आईला मार बसतो आणि मूल ते पाहतं, एवढ्यावरून आई दुर्लक्ष करते असं ठरत नाही. मुलाला प्रत्यक्ष इजा झाली किंवा होण्याच्या बेतात आहे हे दाखवावं लागेल, आणि ती आईनं किमान काळजी न घेतल्यामुळे, हेही. किमान म्हणजे किमान, आदर्श नव्हे. शिवाय घरात ठेवण्यातला धोका मोजता तसा आईपासून तोडण्यातला धोकाही मोजा, असंही म्हटलं. निकालाची तारीख २६ ऑक्टोबर २००४. आपला घरगुती हिंसाचाराचा कायदा लागू झाला तो २६ ऑक्टोबर २००६ ला. योगायोगच, पण कारकुनाला तारखा जुळल्या की बरं वाटतं.

हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, आणि समितीपुढे त्याची पानं फडकवू नकोस. विचार घे, दाखला ठेवून दे. आपल्याकडे त्याहून धारदार हत्यार आहे आणि ते गंजत पडलंय.

घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम १९. सामाईक घरातून नवऱ्यानं बाहेर पडावं, असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. असा आदेश घरातल्या कुठल्याही बाईविरुद्ध देता येत नाही, हेही त्याच कलमात आहे. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावरून गेलेल्या अर्जांत पोटगी प्रत्येकात असायची, संरक्षण आदेश बहुतेकांत, आणि ‘नवऱ्याला बाहेर काढा’ ही मागणी असलीच तर शेवटच्या परिच्छेदात, वकिलालाच भरवसा नसल्यासारखी. सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय की भांडण झालं की बाईनं निघायचं. ती पोरं घेऊन माहेरी सुरगाण्याला गेली की शाळा बुडते, मग शाळेच्या हजेरीवरून पुन्हा दुर्लक्ष. नाही गेली तर ‘मारहाणीच्या वातावरणात मुलांना ठेवले’. समिती मुलांना बालगृहात पाठवते, बाई नातेवाइकांकडे, आणि मारणारा आपल्या पलंगावर आरामात. ह्या सगळ्यात जागचा न हलणारा माणूस तेवढा एकच.

तुझी आई इथे वाचता वाचता म्हणाली, ‘तू का नाही निघालीस असं बाईला दहा जण विचारतात. तू का मारतोस असं त्याला एकानं तरी विचारलं का, ते सायलीला विचार.’ विचारतोय.

तू म्हणालीस घर सासूच्या नावावर आहे. म्हणून आशा सोडू नकोस. आधी सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घर सामाईक घर ठरत नाही, असा अर्थ लावणाऱ्या २००६ च्या बत्रा निकालामुळे बायकांची मोठी अडचण होत असे. १५ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सतीश चंदर आहुजा प्रकरणात तो अर्थ बाजूला सारला. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी ती तिथे संसार करत राहिली असेल, तर ते सामाईक घर ठरू शकतं. सासूलाही ऐकावं लागेल, वयस्कर माणसांचा हक्क तोलावा लागेल, त्या निकालात तेही आहे. सासूचं म्हणणं काय आहे, हे तू विचारलंस का? कित्येक प्रकरणांत म्हातारी लेकाच्या बाजूनं सही करते आणि व्हरांड्यात सुनेच्या पोरांना बिस्किटं देते. तिच्याशी बोल.

कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं लिहिलंय. वाचून हसू नकोस. नोटीसच घेत नाहीत लोक. पत्त्यावर मिळून आला नाही, घर बंद होतं, हे शेरे मी डोळे मिटून लिहू शकेन. म्हणून कलम २३ खाली अंतरिम अर्ज शपथपत्रासह पहिल्याच दिवशी दाखल कर आणि एकतर्फी आदेश माग. कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबा त्यातच माग, वेगळा अर्ज करत बसू नकोस. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र. आदेशाची प्रत पोलीस ठाण्यात स्वतः नेऊन दे, पोच घे. टपालानं पाठवली की ती फायलीत झोपते.

आता समिती. बालकल्याण समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य, अधिकार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचे, पण बसण्याची जागा कोर्टासारखी दिसू नये असा नियम आहे. तू तिथे उलटतपासणीच्या आवेशात जाऊ नकोस. ते लोक आईचे शत्रू नाहीत. त्यांच्यापुढे चोवीस तासांच्या आत मूल आणलं जातं, हातात एक अहवाल असतो, आणि आज रात्री हे मूल कुठे झोपेल एवढा प्रश्न असतो. चार महिन्यांत चौकशी पुरी करायची असते, पण खरा निर्णय पहिल्या अर्ध्या तासात होतो. तुझ्या प्रकरणात तो झाला, मुलं आत गेली. म्हणून आता ‘आई चांगली आहे’ हे सांगण्यापेक्षा ‘आज रात्री घरात तो नाही’ हे दाखवणं जास्त कामाचं. बालगृह हा शेवटचा उपाय, हे बालन्याय कायद्याच्या तत्त्वांतच लिहिलेलं आहे, आणि देखरेखीखाली मुलं पालकांकडे परत देण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या कलम ३७ मध्ये आहे. देखरेख नाकारू नकोस. बाईंना अपमान वाटेल, समजावून सांग. अधूनमधून कुणी येऊन पाहून जातं, ह्यानं नवऱ्यालाही वचक राहतो.

पैशाचंही बघ. नवरा निघाला की पगार निघाला, आणि त्या भीतीनं बाई आठवड्यात तक्रार मागे घेते. प्रकरण चालवायचं नाही अशी पुरशीस कोर्टात लिहून देऊन मोकळी. मी अशा पुरशिसी खूप घेतल्यात, खाली अंगठा किंवा थरथरती सही. घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २० खाली अंतरिम रक्कम माग आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज भरून दे, मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत. फार नाहीत. भाड्यात जातील. पण अंबडच्या कंपनीत कंत्राटी पॅकिंग करणाऱ्या बाईला त्यानं एक महिना तग धरता येतो, आणि असा एक महिना तग धरलेल्या बायका मी परत पुरशीस द्यायला आलेल्या फारशा पाहिल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र तुला आवडणार नाही, तरी सांगतो. मार खाणारी प्रत्येक आई मुलांना जपतेच असं नाही. मार खाऊन खाऊन पोरांवर हात टाकणाऱ्या, धाकटीला उपाशी ठेवणाऱ्या आयाही मी पाहिल्यात. त्या पोरांना दूर नेणंच बरं होतं आणि साहेबांनी तसंच केलं. तेव्हा तुझ्या बाई कुठल्या, हे तू वकील म्हणून आधी स्वतःशी पक्कं कर. मुलांना एकटीनं भेट, परवानगी काढून, आणि ‘आई आवडते का’ असलं विचारू नकोस. घरी संध्याकाळ कशी जाते, एवढं विचार. पोरं तपशील देतात. मोठी माणसं बाजू मांडतात.

समितीची तारीख गुरुवारी म्हणालीस. कोर्टात अंतरिम अर्जावर त्याआधी सुनावणी मिळते का बघ. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, नसेल तर सकाळी साडेदहालाच उभी राहून तोंडी विनंती कर. मुलं बालगृहात आहेत, हे पहिल्या वाक्यात सांग, बाकीचं नंतर. आदेश झाला तर प्रमाणित प्रतीची वाट पाहत बसू नकोस, त्याच दिवशी साधी नक्कल मागून घे. नकला विभागात तुला माझं नाव सांगायची गरज नाही, आणि सांगूही नकोस.

आईनं बेदाणे पाठवलेत, एसटीनं येतील. रात्री जेवत जा.

तुझे,
बाबा