काँग्रेसच्या समन्सला धार कधी येणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अमेरिकन काँग्रेसच्या (म्हणजे तिथल्या संसदेच्या) कमिटीने अमक्याला समन्स काढलं अशी बातमी आली की आपल्याकडे लोकांना वाटतं, झालं, आता तो येणार आणि सगळं बाहेर पडणार. पण तो आलाच नाही तर पुढे काय हे कोणी सांगतच नाही, म्हणून हे पत्र.

ट्रम्प यांचा माजी सल्लागार स्टीव्ह बॅननचं बघा. 6 जानेवारी 2021 च्या कॅपिटॉलवरच्या (संसद भवनावरच्या) हल्ल्याची चौकशी करणाऱ्या कमिटीने त्याला सप्टेंबर 2021 मध्ये समन्स दिलं, तो गेला नाही, ऑक्टोबरात काँग्रेसच्या हाउस या सभागृहाने (दुसरं सिनेट) 229 विरुद्ध 202 मतांनी अवमानाचा ठराव केला, मग खटला, जुलै 2022 मध्ये दोषी, 4 महिन्यांची शिक्षा, मग अपील, आणि प्रत्यक्ष आत जायला जुलै 2024 उजाडला. तोवर कमिटी बंद होऊन जवळपास दीड वर्ष झालं होतं! शिक्षा भोगली पण कमिटीला उत्तर एकही मिळालं नाही.

कारण 1857 पासूनचा कायदा असा की सभागृहाने फक्त प्रकरण पाठवायचं, खटला भरायचा की नाही ते प्रत्यक्षात सरकारी वकील ठरवणार आणि तो न्याय खात्याचा माणूस. याच कमिटीच्या प्रकरणात ट्रम्प यांचे सहकारी मार्क मेडोज आणि डॅन स्कॅव्हिनो यांच्यावर खटला भरायला खात्याने नकार दिला. 2012 मध्ये तर खुद्द ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, एरिक होल्डर यांच्यावर अवमानाचा ठराव झाला, आता त्यांच्यावर त्यांचंच खातं खटला भरणार का? नाहीच भरला.

ग्रँड ज्युरीचं (गुन्ह्यात आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं) तसं नाही. तिथे साक्षीदार अडला की त्याला सरळ जजसमोर नेतात आणि जज त्याला वेगळा खटला न चालवता तुरुंगात पाठवू शकतो, तो बोलेपर्यंत किंवा त्या ज्युरीची मुदत संपेपर्यंत, जास्तीत जास्त 18 महिने. 2005 मध्ये पत्रकार ज्युडिथ मिलर 85 दिवस आत होत्या, सोर्सने मोकळीक दिल्यावर त्यांनी साक्ष दिली. (पत्रकाराला असं आत टाकणं मला पटत नाही, पण तो वेगळा विषय.) सुझन मॅकडुगल मात्र 18 महिने राहूनही बोलल्या नाहीत, म्हणजे सगळेच नमतात असंही नाही. पण तिथला तुरुंग उत्तर काढण्यासाठी असतो आणि बॅननला झाला तो गोष्ट हातची गेल्यावर, माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे.

सभागृहाला स्वतः अटक करवायचा जुना अधिकार आहे, 1934 मध्ये सिनेटने तो वापरलाही, पण बहुमताच्या जोरावर खासदारांनी माणसं डांबावीत हे मला तरी धोक्याचं वाटतं.

त्यापेक्षा कोर्टाचा रस्ता बरा, म्हणजे समन्स पाळायचा हुकूम कोर्टाकडून आणायचा. सिनेटसाठी 1978 चा तसा कायदा आहे, 2016 मध्ये बॅकपेज वेबसाइटच्या प्रमुखाविरुद्ध सिनेटने 96-0 मतांनी तो वापरला आणि कोर्टाने कागदपत्रं देण्याचा आदेशही दिला. पण सरकारी कामाच्या नावाखाली नकार देणारे अधिकारी त्या कायद्यातून सुटतात, आणि हाउसकडे असा कायदाच नाही, त्यामुळे ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसचे वकील राहिलेल्या डॉन मॅकगान यांना एप्रिल 2019 मध्ये दिलेल्या समन्सवर साक्ष झाली थेट जून 2021 मध्ये, तीही बंद दाराआड. दोन्ही सभागृहांना एकच कायदा करा, अधिकाऱ्यांना त्यात घ्या आणि निकालाला मुदत घाला. कोर्टांना जमत नाही असं कोणी म्हणू नये, राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या टेप्सचं (संभाषणांच्या रेकॉर्डिंगचं) समन्स एप्रिल 1974 चं आणि सुप्रीम कोर्टाचा 8-0 निकाल 24 जुलैचा.

आपला,
एक वाचक, सातारा